कझानची थंडी आणि गोव्याची पोरं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी कझानमधल्या हॉस्टेलच्या दिवसांवर पानभर लिहिलं होतं, मेडिकल तिथे केलं आणि आता फोंड्याला प्रॅक्टिस करते वगैरे. त्यावर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी थंडीबद्दल. फी किती, परीक्षा कशी, इकडे येऊन परत कुठली परीक्षा द्यावी लागते, कोणी विचारलंच नाही. बरोबरच आहे म्हणा, जानेवारीत पहाटे १९-२० डिग्री झाली की आपल्याकडे आजोबा मफलर गुंडाळून सोप्यावर येतात, त्यांच्या नातवाला मायनस वीसमध्ये पाठवायचं म्हणजे घरात चर्चा होणारच. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी, कझान हे व्होल्गाच्या काठचं शहर, तातारस्तानची राजधानी, बारा लाखांवर वस्ती, मॉस्कोहून ट्रेनने रात्रभराचा प्रवास. सायबेरिया नाही हं. सायबेरिया खूप पुढे, उरल डोंगर ओलांडल्यावर. जानेवारीची सरासरी मायनस दहाच्या आसपास असते, मधूनच एखादा आठवडा पंचवीसच्या खाली जातो.

प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढलीत.

ताई, मुलगा ऑक्टोबरच्या शेवटी निघतोय. म्हापशाला जाऊन दोन स्वेटर, एक जॅकेट, मंकीकॅप आणि एक जाड ब्लँकेट घेतलं, आईंनी गोधडी शिवून दिलीय. अजून काय काय देऊ? रात्री थंडीत पोर कसा झोपणार याचाच विचार येतो.
— एक आई, डिचोली

आईंना सांगा गोधडी छान झालीय आणि ती कपाटात ठेवा. झोपायची काळजी तर सोडूनच द्या, तुमचा पोरगा रात्री टी-शर्ट आणि हाफ पँटवर झोपणार आहे आणि वर तक्रार करणार आहे की गरम होतंय. तिथे प्रत्येक बिल्डिंगमध्ये खिडकीखाली लोखंडी हीटर असतात, बतारेया म्हणतात, त्यातून गरम पाणी फिरतं आणि ते सगळ्या शहराला एका ठिकाणाहून येतं, म्हणजे आपल्याकडे नळाचं पाणी येतं तसं. सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ डिग्रीच्या खाली राहिलं की नियमाप्रमाणे हीटिंग चालू करतात, कझानला ते साधारण सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं, म्हणजे तुमचा मुलगा पोचेल तेव्हा चालू झालेलं असेल. जुन्या हॉस्टेलांत त्याला बंद-चालूचं बटण नसतं. चोवीस-पंचवीस डिग्री खोलीत सहज असते, मग बाहेर बर्फ पडतोय आणि आत पोरं खिडकीची छोटी झडप उघडून बसलीत, हा प्रकार मी रोज बघितलाय.

त्रास होतो तो कोरड्या हवेचा, आणि हे इथून जाणाऱ्या कोणाला माहीत नसतं. आपण गोव्याची माणसं, पापड उन्हातून आत आणला की तासाभरात मऊ पडतो अशा हवेत वाढलेली. तिथे पहिल्याच महिन्यात ओठ फाटतात, पायांना खाज सुटते, सकाळी नाक शिंकरलं की रक्त दिसतं आणि मग घरी घाबरून फोन येतो. तर बॅगेत व्हॅसलीन द्या, मोठी बाटली खोबरेल तेल द्या, आणि सांगा की रात्री एक ओला टॉवेल हीटरवर टाकून झोप. नाकात आतून बोटभर व्हॅसलीन लावलं तरी बराच फरक पडतो. रक्त रोजच यायला लागलं किंवा दाबून धरूनही थांबेना तर तिथल्या डॉक्टरला दाखवायचं, घरून औषध सुचवायचं नाही.

कपड्यांचं म्हणाल तर म्हापशाचं जॅकेट विमानतळावरून हॉस्टेलपर्यंत पुरेल, तेवढंच त्याचं काम. खरं जॅकेट तिथेच घ्यायचं, गुडघ्यापर्यंतचं, पिसं भरलेलं, पुखाविक म्हणतात त्याला. बूटही तिथलेच, जाड तळाचे, आणि एक नंबर मोठे, कारण आत लोकरीचा मोजा घातल्यावर बोटं हलायला जागा पाहिजे, घट्ट बुटात पाय आधी गारठतो. हातमोज्यांमध्ये पाच बोटांचे दिसायला चांगले पण चार बोटं एकत्र राहणारे जास्त गरम. आतून थर्मल, त्यावर पातळ लोकर किंवा फ्लीस, त्यावर जॅकेट, बस्स. इथून जाणारी पोरं पाच-पाच शर्ट एकावर एक चढवतात, मग बसमध्ये घामाघूम, आणि घामाने भिजलेला सुती बनियन घेऊन बाहेर पडलं की तीच खरी थंडी लागते. सुती आतून नकोच.

हे सगळं घ्यायला पहिल्याच आठवड्यात पैसे लागतात, आणि तिथे भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड २०२२ च्या मार्चपासून चालत नाही, त्यामुळे पोचल्यापोचल्या वापरता येईल अशी रोख त्याच्याकडे असू द्या. सीनियरना आधी विचारून ठेवा.

आणि एक गंमत, जॅकेटच्या कॉलरला आतून टांगायची लूप असते ना, ती पक्की शिवून द्या. तिथे कॉलेज, हॉस्पिटल, म्युझियम, कुठेही गेलं तरी कोट अंगावर ठेवून आत सोडत नाहीत, दारात गार्देरोब असतो, तिथे कोट द्यायचा आणि नंबरचा बिल्ला घ्यायचा. लूप तुटलेली असली तर काउंटरवरची आजी आधी कोट बघते, मग तुम्हाला बघते, आणि मग जे काय ऐकवते ते पहिल्या वर्षी भाषा कळत नाही म्हणून बरं असतं. सुई-दोरा बॅगेत पाहिजेच.

मॅडम, मी बारावी सायन्स केलंय, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. तिथली एक सीनियर सांगते थंडीची सवय होते पण अंधाराने वेड लागतं. ती अशीच घाबरवते की खरं आहे?
— विद्यार्थिनी, वाळपई

खरं आहे ग बाय. मला सगळ्या पत्रांमध्ये हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला कारण थंडीसाठी दुकानात जॅकेट मिळतं.

डिसेंबरात कझानला सूर्य उगवतो सव्वाआठच्या सुमारास आणि दुपारी तीन वाजले की मावळायला लागतो. तू सकाळी पहिल्या लेक्चरला निघशील तेव्हा अंधार, डिपार्टमेंटमधून बाहेर पडशील तेव्हा अंधार, आणि मधल्या वेळेत सूर्य असतो तो तू तळमजल्यावर ॲनाटॉमीच्या हॉलमध्ये असताना. शिवाय त्यातले कितीतरी दिवस ढगाळ, म्हणजे सूर्य आहे असं फक्त ॲपवर दिसतं. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मजा वाटते, पहिला बर्फ, व्हिडिओ कॉल, कुल शरीफ मशिदीचे निळे घुमट आणि खाली सगळं पांढरं, तिथल्या क्रेमलिनच्या, म्हणजे कझानच्या जुन्या किल्ल्याच्या, भिंतीशी फोटो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत फोटो थांबतात. मग झोप येते, सतत येते, संध्याकाळी पाचला मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं, नूडल्स आणि बिस्किटं खात पलंगावर पडून राहायचं, क्लास बुडायला लागतो, आणि नेमकी जानेवारीत सेमिस्टरची परीक्षा. माझ्या बॅचमधली हुशार पोरं या दोन महिन्यांत मागे पडलेली मी बघितलीत, अभ्यास जमत नव्हता म्हणून नाही, उठवत नव्हतं म्हणून.

आता काय करायचं ते सांगते, डॉक्टर म्हणून पण आणि तिथे राहिलेली म्हणून पण. दुपारी बारा ते दोनमध्ये जेव्हा सुट्टी मिळेल तेव्हा बाहेर पड, पंधरा-वीस मिनिटं का होईना, ढग असले तरी, कारण बाहेरचा ढगाळ उजेडसुद्धा खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. शहराच्या मधोमध कबान तलाव आहे, तो गोठतो, काठावर चालायला चांगला रस्ता आहे, आम्ही तिथे जायचो. रविवारी खोलीत राहायचं नाही हा नियम कर. स्केटिंग शीक, पडशील, सगळेच पडतात, तिथली चार वर्षांची पोरं तुला ओव्हरटेक करतील. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेव. आणि घरी फोन करायची वेळ ठरवून घे, भारत तिथून अडीच तास पुढे आहे आणि रशियात घड्याळं आता वर्षभर बदलत नाहीत त्यामुळे हिशोब सोपा आहे, पण तिकडे रात्री साडेदहाला फोन करशील तर घरी एक वाजलेला असतो, आईची झोप जाते आणि तुझीही.

व्हिटॅमिन डी. पंचावन्न अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की त्या उन्हातून कातडीला डी बनवताच येत नाही, चेहरा उघडा ठेवून कितीही चाललीस तरी. इथून जायच्या आधी रक्त तपासून घे, आणि डोस डॉक्टरला विचारून. आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी मेडिकलमधून आणून मनाने दर आठवड्याला वर्षभर खाणारी पोरं आहेत, तसलं काही करू नकोस, जास्त झालेला डी शरीराबाहेर पटकन जात नाही.

एवढं करूनही दोन आठवडे रडू येतंय, जेवण नको वाटतंय, कोणाशी बोलावंसं वाटत नाही असं झालं तर त्याला आळस म्हणू नकोस आणि कोणाला म्हणू देऊ नकोस, उपचार आहेत त्याला. घरी सांग. सगळ्यात आधी रूममेटला सांग.

आणि सण कर बाय, मुद्दाम कर. तिथे १ जानेवारीपासून आठवडाभर सुट्ट्या असतात, ७ ला त्यांचा ख्रिसमस, मग १३ च्या रात्री जुन्या कॅलेंडरचं नवीन वर्ष पण साजरं करतात, म्हणजे नेमकी आपली संक्रांत. आम्ही हॉस्टेलच्या किचनमध्ये तीळगूळ करायचो, गूळ इथून नेलेला, तीळ तिथे मिळतात. मजल्यावरच्या तातार मुली बदल्यात चक-चक द्यायच्या, पिठाच्या तळलेल्या कळ्या मधात घोळवलेल्या असतात, आपल्या मुलांना पहिल्या घासातच आवडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मास्लेनित्सा, आठवडाभर पातळ पोळे खायचे, शेवटच्या दिवशी हिवाळ्याची गवताची बाई करून जाळायची. शिगम्याच्या आसपासच येतं ते, होळी बघितलेल्या माणसाला काही नवीन वाटत नाही.

थंडी फार असली की कॉलेजला सुट्टी देतात का?
— होऊ घातलेला विद्यार्थी, कुडचडे

शाळेतल्या लहान पोरांना देतात. तुला नाही.

डॉक्टर, स्पष्टच विचारतो. मुलगा म्हणतो तिथे थंडीत थोडी व्होडका घ्यावीच लागते, शरीर गरम राहतं. आमच्याकडेही सर्दीला चमचाभर फेणी देतातच की. औषधापुरती चालते का?
— एक वडील, मडगाव

मुलगा हुशार आहे तुमचा. पण चालत नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, तिथे रक्त जास्त येतं म्हणून गरम वाटतं, आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते, म्हणजे वाटतं गरम आणि शरीर होत असतं गार. शिवाय पिऊन बर्फात बसलेल्या माणसाला झोप कधी लागली ते कळत नाही. तिथल्या हॉस्पिटलांत हिवाळ्यात हिमदंशाच्या ज्या केसेस येतात त्यात पिऊन बाहेर राहिलेले बरेच असतात. गरम राहायला चहा प्यायचा, आणि कझानला तातार लोक चहा दुधाचाही पितात त्यामुळे आपल्या माणसाला अडचण नाही. फेणीचं काय ते आपण वेगळं कधीतरी बोलू, माझ्या सासऱ्यांचं पण तेच म्हणणं आहे.

हिमदंशाचा विषय निघालाच आहे तर मुलाला एवढं सांगून ठेवा, कान, नाक, गाल, बोटं यातलं काही पांढरं पडलं आणि तिथे लागलेलं कळेनासं झालं तर लगेच आत जायचं. बर्फाने चोळायचं नाही, जुनी माणसं तिथेही असं सांगतात पण त्याने कातडी आणखी फाटते. हीटरला हात चिकटवायचा नाही, बधिर हात भाजला तरी कळत नाही. कोमट पाण्यात बुडवायचं, ३७ ते ३९ डिग्री, आणि फोड आले किंवा रंग परत येईना तर हॉस्पिटल.

ताई, मी सीझनला मोरजीला शॅकवर असतो, रशियन गिऱ्हाइकांमुळे थोडंफार बोलता येतं. आता इंजिनिअरिंगला तिकडे चाललोय. आमचे रशियन हसतात, म्हणतात आम्ही तिथून पळून इथे येतो आणि तू उलटा. बर्फावरून चालायचं कसं ते सांगा, व्हिडिओत सगळे पडताना दिसतात.
— पेडणे

तुझं अर्धं काम झालंय बाबा, बाकीच्यांना दुकानात आकडे सांगायला सहा महिने लागतात.

ताजा बर्फ असला तर काही त्रास नाही, कुरकुर वाजतो आणि पाय रुततो. वाईट दिवस म्हणजे शून्याच्या आसपासचे, दुपारी वितळतं आणि रात्री परत गोठतं, सकाळी फुटपाथवर काच पसरलेली असते आणि वरून हलका बर्फ पडलेला, म्हणजे दिसतही नाही. तेव्हा पेंग्विनसारखं चालायचं, पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून, गुडघे जरा सैल, अंग थोडं पुढे. हात खिशात घालायचे नाहीत, त्यासाठीच हातमोजे असतात. पडताना हाताच्या पंजावर भार घेतला की मनगट मोडतं, तिथल्या हाडांच्या वॉर्डात हिवाळ्यात मनगटंच मनगटं. शक्य असेल तर बाजूला पड. रस्त्यावर वाळू आणि मीठ टाकतात, त्याने बुटांवर पांढरे डाग पडतात आणि चामडं तडकतं, रात्री ओल्या फडक्याने पुसायचे, हीटरवर वाळवायचे नाहीत.

बिल्डिंगच्या भिंतीला चिकटून चालू नकोस. छपरावरून बर्फाचे सुळे लटकत असतात, सासुल्की, काही तर माणसाएवढे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन लागलं की खाली येतात. खाली लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसली म्हणजे वर माणसं छपरावरचा बर्फ पाडतायत, शॉर्टकट म्हणून पट्टीखालून जायचं नाही, लेट झालं तरी.

फोन आतल्या खिशात ठेव. मायनस वीसला बाहेर काढलास की चाळीस टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडतो, गरम झाला की परत चालू होतो, बिघडलेला नसतो. चष्मा असेल तर बसमध्ये चढल्यावर दोन मिनिटं आंधळ्यासारखं उभं राहायचं, इलाज नाही. आणि एप्रिलसाठी गमबूट घे. सगळा बर्फ वितळून जो काळा चिखल होतो त्याबद्दल कोणी व्हिडिओ टाकत नाही, तेव्हा मात्र तुला जुलैतला पेडण्याचा रस्ता आठवेल.

मासे मिळतात का हो? बाकी सगळं सहन करीन.
— काणकोण

मिळतात. ताजे समुद्राचे विसरा, कझानहून समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. पण सुपरमार्केटमध्ये फ्रोझन स्कुम्ब्रिया मिळतो, आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधला चुलता, अंगाने मोठा आणि भरपूर तेलकट. त्याचं हुमण होतं, सोलां आणि तिरफळं इथून न्यायची, नारळ मिळाला नाही तर सुक्या खोबऱ्यावर भागतं, चव थोडी जड होते पण भाताबरोबर डोळे मिटून खाल्लं तर चालतं. तळून मात्र खोलीत खाऊ नका, हिवाळ्यात खिडक्या बंद, तो वास आठवडाभर जॅकेटमधून जात नाही आणि गार्देरोबवाल्या आजीला कळतं.

गोठलेल्या नदीवर भोक पाडून गळ टाकून बसलेले म्हातारे दिसतील तुम्हाला, तासन्‌तास, छोट्या स्टुलावर. गोयंकाराला ते बघून राहवणार नाही हे मला माहीत आहे. बसा त्यांच्याबरोबर, पण जानेवारीत, आणि ते बसलेत तिथेच. मार्चमध्ये बर्फ वरून जाड दिसतो आणि आतून भुसभुशीत झालेला असतो, दरवर्षी माणसं आत जातात.

मुलगा तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत त्याने व्हिडिओ पाठवला, नदीवरच्या बर्फाला भोक पाडून त्यात चड्डीवर डुबकी मारतोय! मी तर रडलेच. हे काय असतं?
— एक आई, साखळी

१९ जानेवारीला ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा सण असतो, येशूच्या बाप्तिस्म्याचा, त्या रात्री बर्फ क्रॉसच्या आकारात कापून पाण्यात तीनदा बुडी मारतात. भाविक जातात, आणि आपली पोरं व्हिडिओसाठी जातात. ठरवून दिलेल्या जागी शिड्या असतात, कपडे बदलायला गरम तंबू, बचाव पथक आणि ॲम्ब्युलन्स उभी असते, तिथे धडधाकट पोराने दोन सेकंद बुडी मारून बाहेर येण्यात फार काही होत नाही. पण अचानक गार पाण्यात पडल्यावर श्वास जोरात आत ओढला जातो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून दम्याच्या, बीपीच्या, हृदयाच्या पेशंटने नाही, पिऊन नाही, आणि मित्रांनी कुठेतरी पाडलेल्या भोकात तर मुळीच नाही. त्याला ओरडू नका, नुसतं विचारा की कुठे केलंस. उत्तर द्यायला वेळ लावला तर मग ओरडा.

सहा वर्षं झाली की त्या एवढ्या महागड्या जॅकेटचं काय करायचं? गोव्यात कुठे घालणार?
— म्हार्दोळ

ज्युनियरला देऊन या. आमच्या मजल्यावर तशी पद्धतच होती, जूनमध्ये जाणारे आपले कोट, थर्मल, इस्त्री, कुकर सगळं खालच्या वर्षाला अर्ध्या किमतीत नाहीतर फुकट देऊन जायचे, त्यामुळे जाणाऱ्यांनी आधी सीनियरच्या ग्रुपमध्ये उंची आणि माप टाकून विचारायला हरकत नाही, बरंच स्वस्तात होतं. बूट तेवढे दुसऱ्याचे घेऊ नका, तळ झिजलेला असतो आणि त्याच्या पायाच्या आकाराचा झालेला असतो, पहिल्याच घसरड्या दिवशी आपटाल.